रत्नागिरी नवी होत असताना विहिरींची नोंद राहून जाऊ नये

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

माझा जन्म रत्नागिरीतील झाडगावचा. शालेय शिक्षण येथेच झाले, पुढे नोकरी आणि संसार यांत सारे आयुष्य ठाण्यात गेले, आणि आता निवृत्तीनंतर आम्ही उभयतांनी माझ्या माहेरच्या घरी कायमचे राहायला येण्याचा निर्णय घेतला. मधल्या काळात गणपतीला आणि मे महिन्यात येणे होत असे, परंतु चार दिवसांच्या पाहुणीला गावाचा एकच चेहरा दिसतो; पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा असे सलग पाहिल्याशिवाय शहर किती बदलले आहे याचा अंदाज येत नाही. तो अंदाज आता आला आहे. झालेल्या बदलांपैकी पुष्कळसे मला मनापासून आवडले आहेत आणि ते आधी सांगितल्याशिवाय पुढचे लिहिणे योग्य होणार नाही. मात्र या पत्राचे खरे कारण आहे ते शहरातील जुन्या विहिरी आणि पऱ्ये, म्हणजे लहान ओढे. त्यांची कोठेही एकत्रित नोंद झालेली नसताना ते एकामागून एक नाहीसे होत आहेत, आणि हे थांबवणे अजूनही आपल्या हातात आहे.

माझ्या आईवडिलांच्या पिढीने मुंबईचा प्रवास बोटीने केला. बोट खोल पाण्यात उभी राही, उतारूंना पडावातून किनाऱ्यावर आणले जाई आणि पावसाळ्यात ती वाहतूक बंदच असे. माझ्या पिढीने हातखंबा, परशुराम आणि कशेडी घाटातून रात्रभर एस.टी.ने प्रवास केला. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गावर गाड्या धावू लागल्या आणि पानवलच्या दरीवरील ६४ मीटर उंचीच्या पुलावरून पहिल्यांदा गाडीने जाताना डब्यातली वयस्कर माणसे हात जोडत असल्याचे मी स्वतः पाहिले आहे. आता सकाळी मुंबईत वंदे भारत गाडीत बसलेला माणूस दुपारी जेवायला रत्नागिरीत असतो. आमच्या वेळी आजार गंभीर झाला की आंबा घाट चढून कोल्हापूरला किंवा पुढे मिरजेला जावे लागे, आणि त्या वाटेवरच काही कुटुंबांची माणसे गेली. आज शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अभियंता व्हायचे म्हणून घर सोडण्याची सक्ती उरलेली नाही. मारुती मंदिरापासून कुवारबावपर्यंत आम्ही ज्याला सडा म्हणत असू तो कातळाचा उघडा माळ होता, जेथे संध्याकाळनंतर एकट्याने जायला भीती वाटे, तेथे आज वसाहती, दुकाने, दवाखाने आणि शाळा आहेत. मुली तेथून रात्री नऊ वाजता शिकवणी संपवून स्कूटरवर घरी येतात. या एका दृश्यासाठी मला नव्या रत्नागिरीचे कौतुक आहे.

म्हणून, जुने ते सारे सोने होते असे सांगण्यासाठी हे पत्र नाही. विहिरींच्या बाबतीत तर तसे म्हणणे अन्यायाचेच होईल. ज्या विहिरींविषयी मी लिहिणार आहे, त्या सर्वांसाठी खुल्या कधीच नव्हत्या. कोणी कोणत्या विहिरीवर पाणी भरायचे हे जातीवरून ठरत असे आणि ज्यांना काठावरही चढू दिले जात नसे, त्यांनी कोणीतरी पोहरा ओतून देईपर्यंत ताटकळत राहायचे असे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत हा रावबहादुर सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ साली संमत केला, तरीही आपल्याच कोकणात महाडला १९२७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना चवदार तळ्याचा सत्याग्रह करावा लागला. रत्नागिरीत भागोजीशेठ कीर यांनी सर्वांसाठी पतितपावन मंदिर उभे केले ते १९३१ साली. देवळाचे दार उघडणे आणि विहिरीचा काठ मोकळा होणे यांत मात्र पुढे बरीच वर्षे गेली. शिवाय पहाटे उठून रहाट ओढण्याचे, हंडा-कळशी कमरेवर घेऊन पाखाडी चढण्याचे काम बायकांचे होते. माझ्या आजीची कंबर त्यातच गेली. घरात नळ आला तेव्हा या दोन्ही गोष्टींतून सुटका झाली. त्यामुळे नळाने विहिरीची जागा घेतली याबद्दल माझी तक्रार नाही. नळ आल्यावर विहीर ही निरुपयोगी, धोक्याची आणि जागा अडवणारी वस्तू आहे असे आपण मानू लागलो, त्याबद्दल आहे.

झाडगाव, परटवणे, वरची आळी, खालची आळी, तेली आळी, मुरुगवाडा, पेठकिल्ला, राजिवडा या जुन्या वस्तीत पूर्वी बहुतेक प्रत्येक आवाराला आपली विहीर असे. ती चिऱ्यांनी बांधलेली, वर लाकडी रहाट, शेजारी दगडी दोण आणि दोणीतून आगरात नारळी-पोफळींकडे जाणारा पाट. काही विहिरी दोन घरांमधल्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर असत, अर्धी इकडे आणि अर्धी तिकडे, आणि भाऊबंदकीतल्या वाटपातही त्या सामाईकच राहत. वळणावळणावर सार्वजनिक विहिरी होत्या त्या वेगळ्या. कोणत्या विहिरीचे पाणी डाळ शिजायला चांगले, कोणती मार्चमध्येच तळ गाठते, कोणती समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असूनही बारा महिने गोडी राहते, हे आळीतल्या प्रत्येक बाईला तोंडपाठ होते. आज ही माहिती सत्तरीच्या पुढच्या काही माणसांकडे उरली आहे. माझ्या ओळखीच्या घरांपुरते पाहिले, तर कोठे विहिरीवर सिमेंटचा स्लॅब पडून वर गाडी उभी राहते, कोठे जुने घर पाडताना निघालेले कौलांचे तुकडे आणि डबर विहिरीतच लोटून ती बुजवलेली आहे, कोठे ती कचऱ्याची कुंडी झाली आहे. काही ठिकाणी विहीर होती हे नव्या सदनिकाधारकांना ठाऊकही नाही. ते मला दुःखद वाटते, परंतु केवळ दुःख वाटते एवढ्यावर मी वर्तमानपत्राची जागा मागितली नसती.

मी अनेक वर्षे शाळेत भूगोल शिकवला. आपल्या पायाखालच्या जमिनीविषयी चार गोष्टी येथे सांगणे आवश्यक आहे, कारण त्या समजल्या की विहिरीचा प्रश्न हा जुन्या आठवणींचा नसून पाण्याच्या हिशेबाचा आहे हे लक्षात येते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. शहर वसले आहे जांभ्यावर, म्हणजे तांबड्या सच्छिद्र दगडावर. जांभा म्हणजे पाझरता रांजण. त्याच्या भेगांतून आणि छिद्रांतून पाणी खाली उतरते, खालच्या शेडीच्या, म्हणजे चिकण मातीच्या थरावर येऊन अडते आणि मग उताराच्या दिशेने सरकू लागते. सड्याचा कडा जेथे संपतो तेथे ते झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते, आणि त्याच्याच आसऱ्याने खालच्या वस्तीतल्या विहिरी भरतात. जांभ्याचा गुण हाच त्याचा दोषही आहे. पाणी झटकन मुरते आणि तितक्याच झटकन निसटून समुद्राला मिळते. म्हणून जुलैमध्ये हाताला लागणारे पाणी एप्रिलमध्ये तळाला जाते. आपल्या वाडवडिलांनी दिवाळीच्या सुमारास पऱ्यांवर दगडमातीचे कच्चे बंधारे घातले, आगरात झाडांभोवती आळी केली, चढउताराच्या जमिनीला गडगे घातले, ते सारे या निसटत्या पाण्याला चार दिवस जास्त थांबवण्यासाठी होते.

आता वरच्या सड्यावर काय झाले ते पाहावे. सड्याची जमीन महसूल दप्तरी पोटखराब किंवा पडीक म्हणून पडून राहिली, तिच्यावर पीक येत नाही म्हणून ती निरुपयोगी ठरली आणि शहर वाढू लागल्यावर साहजिकच सर्वप्रथम तिकडे गेले. त्यात गैर काही नाही. माणसांना राहायला जागा हवी. परंतु इमारतीच्या पायापासून आवाराच्या फाटकापर्यंत सलग काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक घालण्याची पद्धत पडली, रस्ते दोन्ही बाजूंच्या गटारांसह काँक्रीटचे झाले आणि सड्यावर पडलेला पाऊस मुरायच्या आत गटाराला लागू लागला. तोच पाऊस खाली येऊन जुन्या वस्तीतल्या रस्त्यांवर गुडघाभर साचतो आणि तीच जुनी वस्ती एप्रिलमध्ये कोरड्या विहिरीत डोकावते. पावसाळ्यातला पूर आणि उन्हाळ्यातली टंचाई यांच्या तक्रारी आपण वेगवेगळ्या खात्यांकडे वेगवेगळ्या महिन्यांत करतो. त्यांचे मूळ एकच आहे.

पऱ्यांचेही असेच. आमच्या घरामागून जो पऱ्या वाहत असे, त्याची रुंदी बैलगाडी उतरेल एवढी होती. एका रस्त्याच्या कामात तो जमिनीखालच्या नळात घालण्यात आला. नळाचे तोंड पहिल्याच पावसात पालापाचोळा आणि प्लॅस्टिकने भरते आणि जुलैच्या एखाद्या मुसळधार रात्री ते पाणी आमच्या पडवीपर्यंत येते. संबंधित खात्याला शेजाऱ्यांनी अर्ज केले. तेथे पऱ्या होता याची नोंद आपल्याकडे नाही, असे उत्तर मिळाले. ते उत्तर देणारा कर्मचारी खोटे बोलत होता असे मी म्हणणार नाही. त्याच्यासमोरच्या नकाशावर खरोखरच पऱ्या नव्हता. आणि नेमके हेच मला या पत्रातून सांगायचे आहे, की ज्याची नोंद नाही ते बुजवताना कोणालाच काही बुजवल्यासारखे वाटत नाही.

शहराला मुख्यतः शीळ धरणाचे पाणी मिळते. उन्हाळा लांबला की कपातीची चर्चा सुरू होते, टँकर फिरू लागतात, त्याच्या बातम्या आपल्या वृत्तपत्रात दरवर्षी येतात. धरणाची क्षमता वाढवावी, जुन्या जलवाहिन्या बदलाव्यात, गळती थांबवावी, या मागण्या योग्यच आहेत. परंतु एक साधा हिशेब मी वाचकांपुढे ठेवते. १०० चौरस मीटरच्या छपरावर तीन हजार मिलीमीटर पाऊस पडला, तर ते पाणी तीन लाख लिटर होते. चार माणसांच्या कुटुंबाला दरडोई दरदिवशी १३५ लिटर या शहरी मानकाप्रमाणे टंचाईच्या शंभर दिवसांत ५४ हजार लिटर पाणी लागते. म्हणजे एका मध्यम घराच्या छपरावरून दर पावसाळ्यात त्या घराच्या उन्हाळ्याच्या गरजेच्या पाचपटींहून अधिक पाणी पागोळ्यांवाटे गटारात जाते. हे सारे साठवणे शक्य नाही हे खरे. जांभा ते धरून ठेवणार नाही हेही वर सांगितलेच आहे. तरीही त्यातला लहानसा भाग जरी गाळून विहिरीत आणि आवारातल्या मातीत मुरवला, तरी आळीतल्या सगळ्याच विहिरींचे पाणी एखाददुसरा आठवडा जास्त टिकेल, आणि टंचाईच्या दिवसांत एका आठवड्याची किंमत काय असते हे टँकरची वाट पाहणाऱ्याला विचारावे.

त्याऐवजी आपण बोअर मारतो. विहीर आटली की आवारात बोअरची गाडी येते, रात्रभर घरघर चालते आणि शेजारच्या दोन विहिरींचे पाणी पुढच्या वर्षी लवकर खाली जाते. किनाऱ्यालगतच्या वस्तीत याचा धोका दुप्पट आहे. किनाऱ्यावर जमिनीतले गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते, आणि भूजलशास्त्राचा ढोबळ नियम असा आहे की गोड्या पाण्याची पातळी एक फूट खाली गेली, तर खालचे खारे पाणी सुमारे चाळीस फूट वर सरकते. एकदा विहीर मचूळ झाली की ती पूर्ववत गोडी होण्यास कितीतरी पावसाळे जावे लागतात. झाडगावातील ज्या विहिरीच्या पाण्याने माझी आई आमसुलाचे सार करीत असे, तिचे पाणी आता मे महिन्यात चूळ भरायलाही घेववत नाही. ही एका घराची गोष्ट झाली. किती घरांची अशी आहे, ते कोणी मोजलेले नाही.

विहिरीचे पाणी आज पिण्यास योग्य आहे काय, असा प्रश्न कोणीही विचारील आणि तो रास्त आहे. बहुतेक ठिकाणी ते तसे नसणार. जुन्या वस्तीत घरोघरी सेप्टिक टँक आहेत, काही विहिरीपासून फारच जवळ आहेत, आणि जो जांभा पावसाचे पाणी पाझरू देतो तोच सांडपाणीही पाझरू देतो. म्हणूनच नोंदीबरोबर तपासणी हवी. ज्या विहिरीचे पाणी पिण्याजोगे नाही, ते कपडे धुणे, अंगणातली झाडे, गाडी धुणे, बांधकाम, शौचालय या कामांसाठी वापरता येते. आज या सर्व कामांना आपण शीळ धरणावरून पंपाने चढवलेले, शुद्ध केलेले पाणी वापरतो. डासांची भीती हे विहीर बुजवण्याचे आणखी एक कारण सांगितले जाते. त्यावर जाळी आणि गप्पी मासे हा उपाय आरोग्य खाते कितीतरी वर्षे सुचवीत आले आहे. लहान मुले पडण्याची भीती खरी आहे, आणि तिच्यासाठी कठडा व लोखंडी जाळी यांचा खर्च विहीर बुजवण्याच्या खर्चाहून फार अधिक नसतो.

विहिरीची आठवण आपल्याला कधी होते, तर संकटात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आले आणि दापोली-मंडणगड भागात विजेचे खांब इतके पडले की पुष्कळ गावांत कितीतरी दिवस वीज नव्हती. वीज नाही म्हणजे पंप नाही, पंप नाही म्हणजे नळाला पाणी नाही. त्या दिवसांत ज्यांच्या आवारात विहीर आणि रहाट शाबूत होते, त्यांच्याकडे वाडीच्या वाडी पाण्याला गेली, हे माझ्या सासरच्या नातेवाइकांनी स्वतः अनुभवले आहे. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ आले. अरबी समुद्रातील वादळे पूर्वीपेक्षा वारंवार आणि तीव्र होत असल्याचे हवामानशास्त्रज्ञ सांगत आहेत. अशा किनाऱ्यावरच्या शहराने विजेशिवाय पाणी देणारी प्रत्येक जागा जपून ठेवावी, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नाही.

कायदा आणि नियम यांची उणीव आहे असेही नाही. २०२० सालच्या राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावरील नव्या बांधकामाला पावसाचे पाणी साठवण्याची किंवा मुरवण्याची व्यवस्था बंधनकारक आहे. सड्यावरील मोठ्या संकुलांना हा नियम लागू पडतो. तो प्रत्यक्षात किती पाळला जातो, भोगवटा प्रमाणपत्रानंतर ती व्यवस्था चालू राहते काय, याची पाहणी व्हावी. परंतु जुन्या आळ्यांतले बरेचसे भूखंड वाटण्या होऊन ५०० चौरस मीटरपेक्षा लहान झाले आहेत, आणि विहिरी आहेत त्या नेमक्या तेथेच. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल अधिनियम विहीरमालकांनी नोंदणी करण्याची तरतूद करतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा वर्षातून चार वेळा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. ते काम मोलाचे आहे, परंतु राज्यभर पसरलेल्या निवडक विहिरींतून एका आळीचे चित्र दिसत नाही. शेतजमिनीच्या सातबाऱ्यावर जलसिंचनाच्या साधनाची नोंद तरी होत असे. जमीन बिनशेती झाली, भूखंड पडले, इमारत उभी राहिली, की विहीर कागदावरून जाते आणि मग जमिनीवरून जायला वेळ लागत नाही.

माझी सूचना नगर परिषदेला आहे आणि ती खर्चाची नाही. दर चार वर्षांनी मालमत्ता कराची आकारणी नव्याने होते आणि त्यासाठी कर्मचारी प्रत्येक आवारात जाऊन मोजमाप घेतात. त्या तक्त्यात विहिरीचा एक रकाना वाढवावा: विहीर आहे काय, बांधीव आहे काय, वापरात आहे काय, उन्हाळ्यात पाणी असते काय. नगर भूमापनाच्या जुन्या नकाशांवर विहिरी दाखवलेल्या सापडतील, त्यांच्याशी ही माहिती ताडून पाहावी आणि बुजलेल्या विहिरींच्या जागाही नोंदवाव्यात. पऱ्यांचा उगम, मार्ग आणि समुद्राला किंवा खाडीला मिळण्याची जागा नकाशावर आखावी. एवढे झाले की पुढची अट आपोआप घालता येते. ज्या भूखंडावर विहीर नोंदलेली आहे, तेथे इमारतीचा आराखडा मंजूर करताना विहीर राखून बांधकाम करावे आणि छपराचे पाणी गाळून तिच्यात सोडावे. ज्याने विहीर चालू ठेवली आहे, तिचा गाळ काढला आहे, त्याला मालमत्ता करात थोडी सवलत द्यावी. दंडापेक्षा सवलतीने हे काम लवकर होईल, असे मला वाटते.

नोंद करायला माणसे कोठून आणायची, असे विचारले जाईल. शहरात शासकीय तंत्रनिकेतन आहे, गोगटे-जोगळेकर महाविद्यालय आहे, अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातातल्या मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश मिळतात. पाणी किती खोल आहे ते मोजायला दोरी आणि वजन पुरते. आणि अशा कामाचे उदाहरण शोधायला लांब जाण्याची गरज नाही. रत्नागिरीच्या आसपासच्या सड्यांवरील कातळशिल्पे कित्येक शतके लोकांच्या पायांखाली होती; काही अभ्यासू रत्नागिरीकर सुट्टीच्या दिवशी उन्हातान्हात हिंडले, गुराख्यांना विचारत गेले, एकेक शिल्प त्यांनी स्वच्छ करून मोजले, नकाशावर आणले, आणि २०२२ साली कोकणातील कातळशिल्पे युनेस्कोच्या जागतिक वारशासाठीच्या भारताच्या संभाव्य यादीत गेली. त्यापूर्वी त्यांतील काही जागा चिऱ्याच्या खाणींत आणि रस्त्यांत गेल्या असतील, परंतु नोंद झाल्यानंतर त्यांच्यावर जेसीबी चालवणे कोणाला सोपे राहिले नाही. विहिरींना जागतिक वारसा म्हणावे असा माझा आग्रह नाही. नगर परिषदेच्या दप्तरात प्रत्येकीची एक ओळ असावी, एवढाच आहे.

या कामाला थोडी घाई आहे. ज्या वयस्कर स्त्रीपुरुषांना प्रत्येक आळीतली विहीर आणि तिचा स्वभाव ठाऊक आहे, त्यांच्याशी बोलायला आणखी पंधरा वर्षे मिळणार नाहीत. दुसरे असे की जुनी कौलारू घरे पाडून इमारती बांधण्याचा वेग आता वाढला आहे आणि मिऱ्या-नागपूर महामार्गाच्या रुंदीकरणासारख्या मोठ्या कामांबरोबर शहराच्या कडेची जमीनही झपाट्याने बदलते आहे. नव्या घराची इच्छा असणाऱ्या कोणालाही मी दोष देत नाही. पावसाळ्यात गळणाऱ्या कौलांखाली राहण्याचे कष्ट मी लहानपणी भोगले आहेत. आमच्या घराचेही छप्पर आम्ही यंदा बदलून घेतले. त्याच वेळी पन्हळी लावून छपराचे पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून विहिरीत सोडले आणि आवारातले फरशीकाम निम्म्याहून अधिक काढून पुन्हा माती मोकळी केली. शेजारच्या दोन घरांनी ते पाहून तसेच करण्याची तयारी दाखवली आहे.

विहिरींची मोजणी करायला सर्वांत योग्य काळ मे महिन्याचा दुसरा पंधरवडा आहे, कारण तेव्हा पाणी सर्वांत खाली असते, तळातला गाळ आणि झरे दोन्ही दिसतात आणि महाविद्यालयांना सुट्टी असते; पऱ्यांची पाहणी मात्र जुलैमध्ये, ते वाहत असतानाच करावी लागेल. नगर परिषदेने येत्या मे महिन्यात निदान झाडगाव आणि परटवणे या दोन भागांपासून सुरुवात करावी. त्यासाठी आमच्या आळीतील आम्ही काही निवृत्त मंडळी विद्यार्थ्यांबरोबर घरोघरी फिरायला, जुन्या माणसांकडून माहिती लिहून घ्यायला आणि ती नीट उतरवून द्यायला तयार आहोत. आपल्या वृत्तपत्राने वाचकांना आपापल्या आवारातील आणि आळीतील विहिरींची माहिती कळवण्याचे आवाहन केले, तर या कामाला मोठी मदत होईल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका
झाडगाव, रत्नागिरी